आधी हौद दाखवा

बँकेनं कर्ज मंजूर केलं म्हणजे घर चांगलंच असणार, असं आपल्याकडं बरेच जण धरून चालतात. जुळे सोलापुरात आम्ही जुनं रो-हाऊस घेतलं तेव्हा बँकेचा व्हॅल्युअर येऊन गेला होता. वकिलांनी तीस वर्षांचा सर्च काढला होता. इंडेक्स टू, मालमत्ता पत्रक, मंजूर नकाशा, सगळं एकमेकांशी जुळत होतं. कागदात खोट नव्हती. खोट होती भिंतीत आणि जमिनीखाली, आणि तिथं बघणं हे यांपैकी कुणाचंच काम नव्हतं. वकील मालकी तपासतात. व्हॅल्युअर बघतो ते एवढंच, की कर्ज बुडालं तर घर विकून बँकेचे पैसे सुटतील का. घर राहायला कसं आहे, हे सांगायला वेगळा माणूस लागतो आणि तो आपणच आणायचा असतो.

राहायला गेल्यावर पहिल्याच वळवाच्या पावसानंतर ट्यूबलाइटखाली फरशीवर पंखांचा सडा पडला. पावसाळ्यात किडे येतातच, म्हणून शेजारणीनं धीर दिला. पण त्या रात्री वाऱ्यामुळं दारं-खिडक्या बंद होत्या. वाळवीचे पंखवाले किडे पावसाच्या सुरुवातीला बाहेर पडतात, पंख टाकतात आणि जोडीनं नवी वसाहत करायला जातात. बंद घरात पंख सापडले, तर ते किडे बहुधा घरातूनच निघालेले असतात. न्हाणीघराच्या चौकटीवर अंगठा दाबला तर ताज्या ऑइलपेंटचा पापुद्रा आत गेला, मागं लाकूड नव्हतंच. ओट्याखालच्या ट्रॉलीची पाठ काढली तेव्हा प्लायवूडमागून मातीच्या नळ्या वर चढलेल्या दिसल्या. त्याच सुमारास खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी भेग उघडली. विक्रीआधी तिच्यात पुट्टी भरून रंग मारलेला होता.

औषधवाला आला, फवारून गेला आणि पुढच्या पावसाळ्यात वाळवी पुन्हा आली. मग ओळखीतून एक स्ट्रक्चरल इंजिनिअर आले. मी त्यांना भेग दाखवायला निघाले, तर ते म्हणाले, "भिंतीचं नंतर बघू ताई, आधी हौद कुठंय ते दाखवा."

सोलापूरकरांना हौदाबद्दल सांगायला नको. नळाला रोज पाणी येत नाही, म्हणून घराघरात जमिनीखाली हौद असतो आणि जागा वाचावी म्हणून तो बहुतेक वेळा पार्किंगखाली, पायाला खेटून बांधलेला असतो. आमचा हौद गळत होता. तो पाण्याच्या पाळीला काठोकाठ भरायचा आणि पुढचे दिवस हळूहळू जमिनीत झिरपायचा. आमच्या जागेची जमीन काळी चिकण. ही माती ओली झाली की फुगते आणि उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या वर गेला की आकसते, हात जाईल एवढ्या भेगा पडतात. पाया खाली मुरमापर्यंत नेलेला नसेल तर घराचा एक कोपरा ओल्या मातीवर उचलला जातो, दुसरा कोरड्या मातीवर खचतो आणि भिंत दारा-खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी फाटते. वाळवीलाही हीच ओल हवी असते. एरवी कोरड्या असलेल्या या शहरात ती हौद, न्हाणीघर आणि ड्रेनेजचा चेंबर धरून राहते. म्हणजे ज्या दोन दुखण्यांवर आम्ही वेगवेगळा खर्च करत होतो, त्यांचं मूळ एकच गळकी भिंत होती. हौद आतून दुरुस्त झाला, नंतर वाळवीचं काम नीट झालं, तेव्हा कुठं घर थांबलं.

भावजींनी घर बघायला सुरुवात केली तेव्हा हे सगळं ताजं होतं, म्हणून आम्ही क्रमच बदलला. पसंत पडलेल्या घराचा हौद मालकांच्या परवानगीनं भरून घेतला, आत येणारा आणि बाहेर जाणारा दोन्ही व्हॉल्व्ह बंद केले, पाण्याच्या पातळीवर खूण केली आणि दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला जाऊन बघितलं. या परीक्षेला पैसे लागत नाहीत. मालक एवढ्यालाही तयार नसतील तर मला पुढं बोलणी करण्यात अर्थ वाटत नाही.

घर दोन ऋतूंत बघता आलं तर उत्तम. मे महिन्यात माती आकसलेली असते, भेगा पूर्ण उघडतात. आणि आपल्याकडं पावसाचा जोर सप्टेंबरात असतो, म्हणून गणपतीच्या आसपास गेलात तर छताची आणि भिंतींची ओल लपत नाही. एकदाच जाता येणार असेल तर नवा रंग कुठं लागलाय तिकडं आधी बघा. सगळं घर जुन्या रंगाचं आणि एकच भिंत ताजी असेल, तर इंजिनिअरला तिथंच उभं करा. केसासारख्या बारीक भेगा बहुतेक वेळा गिलाव्याच्या असतात, त्यांना घाबरू नका. तिरक्या, एका टोकाला रुंद होत जाणाऱ्या किंवा विटांच्या सांध्यांतून पायऱ्या-पायऱ्यांनी उतरणाऱ्या भेगा पायाकडं बोट दाखवतात. जमिनीलगत गिलाव्याला लोणा लागून पापुद्रे सुटत असतील तर खालून ओल चढते आहे. गच्चीच्या खालून स्लॅब बघताना पीओपीचं छत आड येतं, एखादा दिवा काढून वर टॉर्च मारायला सांगा. काँक्रीटचे टवके पडून सळई दिसत असेल आणि तिला गंज असेल, तर रिबाउंड हॅमरसारखी चाचणी करून मगच किंमत बोला.

वाळवीसाठी हातात एक स्क्रू-ड्रायव्हर पुरतो. त्याच्या मुठीनं चौकटी, उंबरे, भिंतीतल्या कपाटांच्या पाठी ठोकत जायचं. पोकळ आवाज आला की तिथं थांबायचं. जिन्याखालची अडगळ हलवायला सांगायला संकोच करू नका. लाकडाला बारीक गोल भोकं आणि खाली पिठासारखा भुसा दिसला तर ती वाळवी नाही, तो भुंगा. त्याचा इलाज वेगळा.

भावजींच्या मनात मध्येच शुक्रवार पेठेतल्या एका माळवदी घरानं घर केलं होतं. सागवानी खांब, उन्हाळ्यातला गारवा, मलाही ते फार आवडलं. पण अशा छतावर गळती थांबवायला पिढ्यानपिढ्या मातीचा थर वाढत गेलेला असतो आणि तुळयांची टोकं मातीच्या भिंतीत गाडलेली असतात, जिथली वाळवी वरून दिसतच नाही. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात लातूर-उस्मानाबादकडं माणसं दगावली ती मुख्यत्वे दगड-मातीच्या जाड भिंती आणि मातीचं जड छत अंगावर आल्यामुळं. त्या पहाटे सोलापूरही हादरलं होतं. जुनं घर घेऊच नये असं मी म्हणणार नाही. पण माळवद जाणणारा जुना मिस्त्री आणि इंजिनिअर दोघांनी तुळयांची टोकं उघडून बघितल्याशिवाय घेऊ नये. आम्हाला ती उघडू दिली नाहीत, म्हणून आम्ही ते घर सोडलं.

कायद्याचा आधार किती, हेही माहीत असू द्या. बिल्डरकडून नवं घर घेतलं तर 2016 च्या रेरा कायद्याच्या कलम 14 नुसार ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांत बांधकामाचा दोष दाखवून दिल्यास त्यानं तो 30 दिवसांत विनामोबदला दुरुस्त करायचा असतो. जुन्या मालकाकडून घेतलेल्या जुन्या घराला हे कवच नाही. तिथं 1882 चा मालमत्ता हस्तांतरण कायदा लागतो. कलम 55 प्रमाणे विकणाऱ्याला ठाऊक असलेला आणि घेणाऱ्याला सर्वसाधारण काळजी घेऊनही कळला नसता असा मोठा दोष त्यानं सांगायला हवा. पण त्याला तो ठाऊक होता, हे सिद्ध करत कोर्टात वर्षं घालवण्यापेक्षा आधीच्या तपासणीची फी फारच थोडी आहे.

म्हणून इसार देण्याआधी तपासणी, आणि इसार द्यावाच लागला तर इसारपावतीवर अट: इंजिनिअरच्या आणि वाळवी-तपासणीच्या लेखी अहवालात मोठा दोष निघाला तर रक्कम परत किंवा दुरुस्तीचा खर्च किमतीतून वजा. भावजींनी ही अट घातली. अहवालात गच्चीचं वॉटरप्रूफिंग आणि दोन चौकटी निघाल्या. मालकांनी तेवढी रक्कम कमी केली आणि व्यवहार हसतखेळत झाला.

वाळवीचं काम करून घेताना नुसती वरवरची फवारणी घेऊ नका. भिंत आणि फरशीच्या सांध्यालगत साधारण फूट-फूट अंतरावर भोकं पाडून औषध आत सोडायचं असतं. करणाऱ्याकडं कीटकनाशक कायद्याखालचा परवाना आहे का ते बघा आणि बिलावर औषधाचं नाव आणि प्रमाण लिहून घ्या. आणि त्याला हौद कुठं आहे ते काम सुरू करण्याआधी दाखवा, कारण गळका हौद ज्या भेगांतून पाणी बाहेर सोडतो, त्याच भेगांतून औषध पिण्याच्या पाण्यात येऊ शकतं.