समुद्राची वाट : बोलिव्हिया आणि चिली

ज्याच्या शेतास गाडीरस्ता लागून नाहीं, त्या शेतकऱ्याची अडचण आमच्या वाचकांस निराळी सांगावयास नको. पेरणीच्या वेळीं औत आणि सुगीच्या वेळीं भरलेली गाडी शेजाऱ्याच्या शेतांतूनच न्यावी लागते. वहिवाटीचा हक्क कागदावर लिहिलेला असला, तरी शेजारी रुसला कीं वाटेंत कांटे पडतात. देशांचेंही असेंच आहे. ज्यांस समुद्रकिनारा मुळींच नाहीं असे चाळिसांहून अधिक देश जगांत आहेत. त्यांपैकीं एकाचा व त्याच्या किनाऱ्यावरील शेजाऱ्याचा विचार या पाठांत करावयाचा आहे.

दक्षिण अमेरिकेचा नकाशा पुढें घ्यावा. पश्चिमेच्या कडेस, आंडीज पर्वत व पॅसिफिक महासागर यांच्यामध्यें, आसुडाच्या वादीसारखा एक लांबट देश दिसतो, तो चिली. त्याची दक्षिणोत्तर लांबी सुमारें ४,३०० किलोमीटर, म्हणजे आपल्या हिंदुस्थानच्या दक्षिणोत्तर लांबीहूनही अधिक. पण रुंदी सरासरीनें २०० किलोमीटरसुद्धां नाहीं. त्याच्या ईशान्येस, पर्वतावर व पर्वताच्या पलीकडे, बोलिव्हिया आहे. बोलिव्हियाचें क्षेत्रफळ सुमारें ११ लक्ष चौरस किलोमीटर व चिलीचें साडेसात लक्षांच्या वर. माणसें मात्र चिलींत अधिक. २०२४ सालच्या खानेसुमारींत चिलींत सुमारें १ कोटि ८५ लक्ष व बोलिव्हियांत सुमारें १ कोटि १३ लक्ष लोक मोजले गेले. बोलिव्हियाचें सरकार जेथें बसतें तें ला पाझ शहर समुद्रसपाटीपासून सुमारें ३,६०० मीटर उंच आहे. आपलीं दोन कळसूबाईचीं शिखरें एकावर एक ठेविलीं, तरी तीं त्या शहराच्या पायथ्याशींच राहतील! इतक्या उंचीवरून धान्य, लोखंड, यंत्रें यांची नेआण करणें म्हणजे काय, याची कल्पना शिक्षकांनीं मुलांकडून करवून घ्यावी.

दोन्ही देश पूर्वीं स्पेनच्या ताब्यांत होते. चिलीनें १८१८ सालीं स्वातंत्र्य जाहीर केलें, बोलिव्हियानें १८२५ सालीं. आणि त्या वेळीं बोलिव्हियास समुद्र होता, ही गोष्ट मुख्य आहे. अँटोफगास्टा व त्याच्या आसपासचा सुमारें ४०० किलोमीटर किनारा त्याच्याच हद्दींत मोडत असे. परंतु तो किनारा म्हणजे आटाकामाचें वाळवंट. जगांत याहून कोरडी भूमि क्वचितच असेल. कोबिहा नांवाचें एक बंदर होतें खरें, पण राजधानीपासून तेथें खेचरांवरून जावयाचें म्हणजे बर्फाचे डोंगर व निर्जळ माळ ओलांडावयाचे. म्हणून बोलिव्हियाचे लोक तेथें फारसे गेलेच नाहींत. धनी दूर, आणि शेतावर राबता शेजाऱ्याचा, अशी स्थिति झाली.

मग त्या ओसाड जमिनींत धन सांपडलें. आमच्या शेतकरी बंधूंस त्याचें मोल लागलेंच कळेल, कारण तें धन म्हणजे खत होय. समुद्रपक्ष्यांच्या विष्ठेचे शेंकडों वर्षांचे ढीग किनाऱ्यावर व बेटांवर साचले होते. पाऊस नसल्यामुळें ते वाहून गेले नव्हते. आंत वाळवंटांत सोऱ्याचे थर होते. सोरा शेतांत घातला तर पीक दुणावतें, आणि त्यापासूनच तोफांची दारूही होते. युरोपांतून दोहोंसाठीं मागणी आली. तो खणणारे मजूर बहुतेक चिलीचे आणि भांडवल चिलीचें व इंग्रजांचें होतें.

१८७४ सालीं उभय देशांत तह झाला कीं, चिलीच्या कंपन्यांवर पंचवीस वर्षें नवा कर बसवूं नये. परंतु १८७७ सालीं भूकंप व समुद्राच्या लाटा यांनीं किनाऱ्याची नासधूस केली, पाठोपाठ दुष्काळ आला, आणि बोलिव्हियाची तिजोरी रिकामी पडली. १८७८ सालीं त्या सरकारनें सोऱ्यावर क्विंटलमागें दहा सेंटाव्हो कर बसविला. कंपनीनें तो देण्याचें नाकारलें. तेव्हां सरकारनें तिची मालमत्ता लिलांवांत काढली. १४ फेब्रुवारी १८७९ हा लिलांवाचा दिवस ठरला होता. त्याच दिवशीं चिलीचे शिपाई अँटोफगास्टास उतरले. पेरू देशाचा बोलिव्हियाशीं १८७३ सालचा गुप्त करार होता, म्हणून तोही युद्धांत ओढला गेला. १८८० सालीं टाकना येथें पराभव झाल्यावर बोलिव्हियाचें सैन्य डोंगरांत परतलें तें पुन्हां लढावयास आलें नाहीं. चिलीचें सैन्य तर १८८१ सालीं पेरूच्या राजधानींत, लिमा शहरांत, जाऊन बसलें.

१८८४ सालीं तहकुबी झाली व २० ऑक्टोबर १९०४ रोजीं कायमचा तह. किनारा चिलीकडे गेला. मोबदल्यांत चिलीनें ३ लक्ष पौंड दिले, पेरूकडून घेतलेल्या अरिका बंदरापासून ला पाझपर्यंत आगगाडी बांधून दिली (ती १९१३ सालीं सुरू झाली), आणि बोलिव्हियाच्या मालास निरंतर मोकळी वाट कबूल केली. आमच्या मतें, दिलेला शब्द मोडून कर बसविणें हें बोलिव्हियाचें चुकलें. पण दहा सेंटाव्होंच्या भांडणांत सगळा किनारा घेणें याला न्यायाचें माप म्हणतां येत नाहीं.

आतां समुद्रानें चिलीस काय दिलें तें पाहूं. बरींच वर्षें त्याच्या सरकारी उत्पन्नाचा सुमारें निम्मा भाग एकट्या सोऱ्याच्या जकातींतून येत असे. पुढें जर्मनींत हाबर या रसायनशास्त्रज्ञानें हवेंतील नायट्रोजनपासून अमोनिया करण्याची युक्ति काढली व १९१३ सालीं तिचा कारखाना निघाला. मग पहिल्या महायुद्धानंतर सोऱ्याचा व्यापार बसत गेला. वाळवंटांतील खाणींचीं गांवें ओस पडलीं. तरी चिली बुडाला नाहीं, कारण त्याच जिंकलेल्या मुलुखांत तांबें निघालें. चुकिकमाटाची अफाट उघडी खाण १९१५ सालीं चालू झाली. चिली जगांतील सर्वांत मोठा तांबें-उत्पादक झाला. हें तांबें डोंगरावरून उतरलें कीं आपल्याच धक्क्यावर आगबोटींत चढतें.

बोलिव्हियाकडेही खनिजें कमी नव्हतीं. पोटोसीच्या चांदीवर एके काळीं स्पेनचें साम्राज्य पोसलें गेलें. पुढें कथलाचा व्यापार वाढला. पण प्रत्येक पोतें दुसऱ्याच्या बंदरांतून जावयाचें, तेव्हां वाहतुकीचा खर्च धन्याच्या नफ्यांतून निघे, आणि धनी तो मजुराच्या पोटांतून काढी. तथापि बोलिव्हियाची सगळी गरिबी समुद्र नसल्यामुळेंच, असें म्हणणें बरोबर नाहीं. १९०३ सालीं आक्रेचा मुलूख ब्राझीलकडे गेला, व १९३२ ते १९३५ च्या युद्धांत चाकोचा बहुतेक प्रदेश पाराग्वेकडे. आणि पाराग्वेसही समुद्र नाहीं! स्वित्झर्लंडासही नाहीं, तरी तो श्रीमंत आहे. मात्र त्याच्या शेजाऱ्यांच्या वाटा चांगल्या व उघड्या आहेत.

या जखमेचा सल किती खोल आहे, हें २००३ सालीं दिसलें. देशांत नैसर्गिक वायु विपुल. तो चिलीच्या बंदरांतून परदेशीं विकण्याचा बेत निघाला. लोक रस्त्यावर आले, ला पाझच्या वाटा अडविल्या गेल्या, पुष्कळ माणसें मेलीं, आणि ऑक्टोबरांत अध्यक्ष सांचेझ दे लोसादा यांस पद सोडावें लागलें. लोकांच्या तक्रारी इतरही होत्या. पण ज्यानें किनारा घेतला त्याच्याच दारांतून आपलें धन जावें, हें त्यांस सहन झालें नाहीं.

दर वर्षीं २३ मार्च रोजीं तेथें समुद्रदिन पाळतात. देशास आरमारही आहे. त्याच्या नौका टिटिकाका सरोवरांत व नद्यांवर फिरतात. हंसूं येण्याजोगी गोष्ट वाटेल, परंतु आम्हांस तसें हंसवत नाहीं.

२०१३ सालीं बोलिव्हियानें हेग येथील आंतरराष्ट्रीय न्यायालयांत दावा लावला कीं, समुद्रापर्यंत स्वतःच्या मालकीची वाट मिळण्याविषयीं चिलीनें वाटाघाट करणें बंधनकारक ठरवावें. १ ऑक्टोबर २०१८ रोजीं बारा विरुद्ध तीन मतांनीं निकाल झाला: चिलीवर तसें बंधन नाहीं. मात्र या निकालामुळें उभयतांनीं शेजारधर्मानें बोलणीं चालूं ठेवूं नयेत असा अर्थ कोणी करूं नये, असेंही न्यायाधीशांनीं लिहिलें. अरिकाच्या धक्क्यावर आजही मोठा वाटा बोलिव्हियाच्याच मालाचा असतो. त्या मालमोटारी घाट चढून न जातील, तर अरिकाच्या हमालांसही काम उरणार नाहीं.