घरघंटी घेतलीत का?

पहिल्याच आठवड्यात खालच्या मजल्यावरच्या काकू वर आल्या. दारातूनच आत डोकावत म्हणाल्या, “घरघंटी घेतलीत का हो? पहाटे पाचलाच दळायला बसता!” मी घामाने निथळत उभा. मागे हॉलच्या मधोमध सायकल, तिचं मागचं चाक लोखंडी स्टँडमध्ये अडकवलेलं. काकूंनी ते बघितलं आणि काही न बोलता गेल्या. ते न बोलणं जास्त लागलं.

2015 साली नाशिकच्या डॉक्टर महाजन बंधूंनी अमेरिका आडवी पार करणारी ‘रॅम’ शर्यत दोघांच्या संघात पूर्ण केली. त्यानंतर आमच्या गावात चाळिशीतला माणूस सायकलच्या नादी लागला तर कोणाला नवल वाटत नाही. माझी झेप दोनशे किलोमीटरच्या ब्रेव्हेपुरती, म्हणजे ठरलेल्या वेळेत पुरी करायच्या लांब सायकलफेरीपुरती. मुदत साडेतेरा तास. पण पावसाळ्यात सराव मोडायचा, म्हणून घरी ट्रेनर, म्हणजे सायकल जागच्या जागी चालवायचा स्टँड, आणायचं ठरवलं. दुकानात मी विचारलं एवढंच, की स्वस्तातला कुठला?

मिळाला तो मागचा टायर रोलरवर घासणारा ‘व्हील-ऑन’. त्यात वाईट असं काही नाही. सायकल तशीच अडकवायची आणि सुरू. पण पंधरा दिवसांत पांढऱ्या फरशीवर काळी बारीक पूड साचायला लागली. तो माझा टायर होता. मधोमध हाताला सपाट पट्टा लागत होता. यासाठी वेगळा कडक टायर मिळतो, तो रस्त्यावर चालवायचा नसतो, हे मला नंतर कळलं. म्हणजे दर रविवारी टायर काढा-घाला, नाहीतर जुनं एखादं चाक कायमचं ट्रेनरला द्या. माउंटन बाइकचा खडबडीत टायर असेल तर या फंदात पडूच नका, ट्रॅक्टर घरात आल्यासारखा आवाज होतो.

आवाजाला कंटाळून सेकंडहँड ‘डायरेक्ट ड्राइव्ह’ घेतला. यात मागचं चाक काढून साखळी थेट ट्रेनरच्या कॅसेटवर, म्हणजे दातेरी चक्रांच्या संचावर, चढवतात. टायर झिजायचा प्रश्नच मिटला, आवाजही पंख्यात लपेल इतका. मात्र आधीच्या मालकाने 11 स्पीडची कॅसेट बसवलेली आणि माझी सायकल 8 स्पीडची. गिअर बदलला की साखळी खडखडत नको तिथे चढायची. शेवटी 8 ची कॅसेट आणि तिच्यामागे टाकायची 1.85 मिलिमीटरची चकती, अशी वेगळी खरेदी झाली. तेव्हा आधी आपल्या सायकलचे गिअर मोजा. मागचं चाक खटका उघडून सुटतं की आरपार दांडी फिरवून काढावं लागतं, तेही बघा. दोन्हींचे जोड वेगळे असतात. सोबत मिळाले नाहीत तर ट्रेनर नुसता शोभेला.

एवढं करूनही काकूंची तक्रार पुरती गेली नाही, कारण हवेतून येणारा आवाज निराळा आणि स्लॅबमधून उतरणारी थरथर निराळी. ट्रेनर शांत आहे असं दुकानदार सांगतो ते आपल्या कानापुरतं. खाली जाड रबरी मॅट घातली आणि सगळं हॉलच्या मध्यातून हलवून खांबाजवळच्या कोपऱ्यात नेलं. तिथे स्लॅब कमी हलतो. काकूंना जाऊन विचारलं, तर म्हणाल्या, “आता मिक्सरइतपत आहे.” मी ते प्रशस्तिपत्र समजतो.

घामाचं मला कोणी सांगितलंच नव्हतं. छताचा पंखा पुरत नाही. रस्त्यावर समोरून वारा लागतो, इथे आपण जागच्या जागी. वर्षभराने मेकॅनिकने हँडलची टेप सोडली, तर आत पांढरी भुकटी. ॲल्युमिनियम खाल्लं गेलं होतं, बोल्ट गंजून बसले होते. आता समोर टेबल फॅन, हँडलवर जुना पंचा, आणि उतरल्यावर आधी सायकल पुसायची, मग स्वतःला.

स्मार्ट ट्रेनर, वॉट, पडद्यावरचे चढ, हे सगळं छान आहे, पण ज्याला आकडे बघून सराव करायचा आहे त्याच्यासाठी. आणि घरात आपण, बायको, मुलगी अशी तीन उंचीची माणसं पेडल मारणार असतील, तर माझं स्पष्ट मत: ट्रेनरचा नाद सोडा, सरळ सीट चटकन वरखाली होणारी स्पिन बाइक घ्या. फक्त ब्रेक चुंबकाचा हवा. फेल्टचा पॅड घासून झिजतो आणि घरभर जळका वास सुटतो.

काहीही घेतलंत तरी खोकं रद्दीवाल्याला देऊ नका. डायरेक्ट ड्राइव्ह सहज पंधरा-वीस किलोचा असतो. तो दुरुस्तीला पाठवायची वेळ आली, तर त्या खोक्याची किंमत कळते. सर्व्हिस सेंटर कुठल्या शहरात आहे, हेही पैसे देण्याआधी विचारा.

तो पहिला व्हील-ऑन अजून माळ्यावर पडून आहे. कोणाला हवा असेल तर चहाला या आणि फुकट घेऊन जा. अट एकच, घर तळमजल्यावर हवं.