घटक ४ : लोकप्रिय दृक्-श्राव्य माध्यमांतील तृतीयपंथी व्यक्तिरेखा – दृश्यता आणि स्वीकार

४.१ उद्दिष्टे

या घटकाचा अभ्यास केल्यानंतर तुम्हाला –
● ‘दृश्यता’ आणि ‘स्वीकार’ या संकल्पनांमधील भेद स्पष्ट करता येईल.
● हिंदी व मराठी चित्रपट-मालिकांतील तृतीयपंथी व्यक्तिरेखांचे स्वरूप सांगता येईल.
● मराठीतील लिंगव्यवस्था आणि व्यक्तीचा सन्मान यांचा संबंध विशद करता येईल.

४.२ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, मागील घटकात आपण लोकप्रिय माध्यमांतील स्त्रीप्रतिमांचा विचार केला. या घटकात तृतीयपंथी व्यक्तिरेखांचा विचार करावयाचा आहे. जन्मवेळी नोंदवलेल्या लिंगापेक्षा जिची स्वतःची लिंगओळख वेगळी असते, अशा व्यक्तीसाठी ‘पारलिंगी’ ही संज्ञा वापरली जाते. ‘तृतीयपंथी’ हा शब्द मराठीत अधिक रूढ आहे.

रेल्वेच्या डब्यात किंवा बाजारात तृतीयपंथी व्यक्ती आपल्याला दिसतात. परंतु त्यांच्याशी निवांत बोलण्याचा प्रसंग अनेकांच्या आयुष्यात येत नाही. त्यामुळे त्यांच्याविषयीची आपली समजूत बरीचशी पडद्यावरून घडते. या पुस्तिकेच्या वाचकांमध्येही तृतीयपंथी विद्यार्थी असू शकतात, हे ध्यानात ठेवूनच पुढील विवेचन वाचावे. हा ‘दुसऱ्या कोणाचा’ विषय नाही.

४.३ विषय-विवेचन

४.३.१ खलत्व, हास्य आणि करुणा

पडद्यावर दिसणे म्हणजे दृश्यता. माणूस म्हणून मान्य होणे म्हणजे स्वीकार. पहिलीतून दुसरा आपोआप निर्माण होत नाही. हिंदी चित्रपटांत तृतीयपंथी व्यक्तिरेखा दीर्घकाळ बारशाच्या वा लग्नाच्या एखाद्या गाण्यापुरती येत असे. टाळी वाजली, प्रेक्षक हसले, की तिचे काम संपे.

महेश भट्ट यांच्या ‘सडक’ (१९९१) या चित्रपटात सदाशिव अमरापूरकर यांनी कुंटणखाना चालवणाऱ्या ‘महाराणी’ची भूमिका केली. या प्रभावी भूमिकेला फिल्मफेअर पुरस्कारही लाभला. मात्र येथे तृतीयपंथी असणे हेच भीतीचे साधन झाले. त्याच दिग्दर्शकाच्या ‘तमन्ना’ (१९९७) मध्ये परेश रावल यांनी साकारलेला टिक्कू टाकून दिलेल्या मुलीला वाढवतो. सहा वर्षांत खलनायिकेच्या जागी पालक आला, हे अंतर लहान नाही. तरीही या पालकत्वाला त्यागाची किनार आहे. ‘सामान्य’ माणसाला जे सहज मिळते, ते मिळवण्यासाठी तृतीयपंथी व्यक्तीला प्रथम थोर व्हावे लागते. करुणा ही स्वीकाराची पायरी असू शकते, पण ती स्वीकाराची जागा घेऊ शकत नाही.

४.३.२ वेश, रूढी आणि ओळख

मराठी चित्रपटांचा विचार करताना एक भेद काटेकोरपणे पाळावा लागतो. राजीव पाटील यांच्या ‘जोगवा’ (२००९) मधील तायप्पाला रूढीच्या सक्तीने जोगता होऊन साडी नेसावी लागते. रवी जाधव यांच्या ‘नटरंग’ (२०१०) मधील गुणा तमाशाच्या ओढीने नाच्याची भूमिका पत्करतो. दोघेही उपहास आणि हिंसा सोसतात. परंतु दोघेही पारलिंगी नाहीत. तायप्पावर वेश लादला गेला आहे, तर गुणाने तो कलेसाठी स्वीकारला आहे. पारलिंगी व्यक्तीच्या बाबतीत प्रश्न वेशाचा नसून ओळखीचा असतो.

मग हे चित्रपट येथे कशासाठी अभ्यासावयाचे? पुरुषाने ‘बायकी’ दिसणे समाजाला का सहन होत नाही, हे ते दाखवतात. तृतीयपंथी व्यक्तीची अवहेलना याच असहिष्णुतेतून जन्माला येते.

४.३.३ भूमिका कोणाची, आवाज कोणाचा?

१५ एप्रिल २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तृतीयपंथी व्यक्तींना ‘तिसरे लिंग’ म्हणून मान्यता दिली आणि आपली लिंगओळख स्वतः ठरवण्याचा व्यक्तीचा अधिकार मान्य केला. ‘स्वतः’ हा शब्द येथे महत्त्वाचा आहे. माध्यमांतही स्वतःविषयी स्वतः बोलण्याचा प्रवास याच काळात ठळक झाला. लक्ष्मीनारायण त्रिपाठी २०११ मध्ये ‘बिग बॉस’च्या घरात दिसल्या. २०१७ मध्ये एका औषधाच्या जाहिरातीत गौरी सावंत यांचे मातृत्व देशभर पोहोचले. पुढे त्यांच्याच जीवनावर ‘ताली’ (२०२३) ही वेबमालिका आली. तिचे दिग्दर्शक ‘नटरंग’चेच रवी जाधव होत.

‘ताली’त गौरी यांची भूमिका सुश्मिता सेन यांनी केली. यावर दोन मते संभवतात. अभिनय म्हणजे दुसऱ्याचे आयुष्य जगून दाखवणे. तेव्हा कोणीही कोणतीही भूमिका करावी, हे पहिले मत. ते तत्त्वतः मान्य करता येईल. पण मग दार दोन्ही बाजूंनी उघडे हवे. प्रस्थापित कलावंत तृतीयपंथी भूमिका करतात. तृतीयपंथी कलावंताला मात्र शिक्षिकेची, वहिनीची वा डॉक्टरची भूमिका क्वचितच मिळते. म्हणूनच ‘कारभारी लयभारी’ या मराठी मालिकेत गंगा या तृतीयपंथी अभिनेत्रीने केलेली भूमिका, किंवा ‘मेड इन हेवन’च्या दुसऱ्या पर्वात (२०२३) त्रिनेत्रा हलदार गुम्माराजू यांनी साकारलेली मेहेर, ही उदाहरणे महत्त्वाची ठरतात. पारलिंगी पुरुष मात्र पडद्यावर अद्याप फारच क्वचित दिसतात, ही उणीवही नोंदवली पाहिजे.

४.३.४ भाषेची साक्ष

मराठीत ‘मी जातो’ किंवा ‘मी जाते’ यांपैकी एक निवडल्याशिवाय साधे वाक्यही पूर्ण होत नाही. इतरांना सहज वाटणारे हे क्रियापद पारलिंगी व्यक्तीसाठी ओळखीची जाहीर घोषणा असते. घरात प्रथमच ‘मी जाते’ म्हणताना किती धैर्य लागत असेल, याची कल्पना करून पाहा.

विनोदी प्रहसनांत याच ठिकाणी हशा पिकवला जातो. ‘आला म्हणू की आली?’ या प्रश्नात व्याकरणाची अडचण नसून समोरच्याची ओळख नाकारणे असते. ‘ते’ हे नपुंसकलिंगी सर्वनाम एकवचनात वापरले, तर माणसाची वस्तू होते. याउलट ‘त्या आल्या’ एवढ्या दोन शब्दांत ओळख आणि आदर दोन्ही सामावतात. लक्ष्मी यांनी आपल्या मराठी आत्मकथनाला ‘मी हिजडा... मी लक्ष्मी!’ असे नाव दिले. शिवीसारखा फेकला जाणारा शब्द त्यांनी स्वतः उचलला आणि त्याच्या शेजारी आपले नाव ठेवले. संवादलेखकाने, वृत्तनिवेदकाने आणि तुम्ही-आम्हीही व्यक्ती स्वतःविषयी जे रूप वापरते, तेच वापरावे. स्वीकाराचा आरंभ असा क्रियापदापासून होऊ शकतो.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न – १
योग्य की अयोग्य ते कारणासह लिहा.
१) ‘जोगवा’मधील तायप्पा ही पारलिंगी व्यक्तिरेखा आहे.
२) दृश्यता वाढली की स्वीकार आपोआप वाढतो.

४.४ सारांश

लोकप्रिय माध्यमांतील तृतीयपंथी व्यक्तिरेखा हास्य, भय आणि करुणा या साच्यांतून हळूहळू बाहेर पडत आहे. कोणतीही कलाकृती पाहताना तीन प्रश्न विचारावेत : ही व्यक्तिरेखा केवळ तृतीयपंथी आहे म्हणूनच कथेत आली आहे का? तिच्याविषयी कोण बोलते आहे? तिच्यासाठी कोणती भाषा वापरली आहे? ज्या दिवशी अशी व्यक्तिरेखा एखाद्या मालिकेत केवळ शेजारीण म्हणून साखर मागायला येईल आणि कोणी हसणार नाही, त्या दिवशी दृश्यतेचे स्वीकारात रूपांतर झाले असे म्हणता येईल.

४.५ स्वाध्याय

१) ‘करुणा ही स्वीकाराची पायरी असू शकते, पण ती स्वीकाराची जागा घेऊ शकत नाही.’ या विधानाची सोदाहरण चर्चा करा.
२) टीप लिहा : मराठीतील लिंगव्यवस्था आणि लिंगओळख.

उपक्रम : तुमच्या घरी पाहिल्या जाणाऱ्या एखाद्या विनोदी कार्यक्रमाचा एक भाग पाहा. त्यात ‘बायकी’ वागण्यावरून किती वेळा विनोद झाला, कोण हसले आणि तुम्ही स्वतः हसलात का, याची प्रामाणिक नोंद दहा ओळींत करा.