तळ्याकाठचा एक दिवस

भाताची कापणी व मळणी आटोपली म्हणजे गावोगावच्या तरुणांस थोडी उसंत मिळते, आणि मित्रमंडळींनी शिदोरी बांधून कोठे तरी पाण्याकाठी जावे अशी इच्छा सहजच होते. ही इच्छा चांगली आहे. श्रम करणाऱ्यास विसावा पाहिजे, आणि मित्रांच्या सोबतीत तो दुणावतो. तथापि असा दिवस नुसता खाण्यापिण्यात गेला, तर सायंकाळी हाती शीण तेवढा उरतो. डोळे उघडे ठेवून घालविला, तर तो वर्षभर पुरतो. म्हणून या पाठात आपण एका तळ्याची ओळख करून घेऊ, आणि तेथे मित्रांसह एक दिवस कसा घालवावा याचा विचार करू.

हे तळे नवेगावबांध होय. ते गोंदिया जिल्ह्यात, अर्जुनी मोरगाव तालुक्यात आहे. भोवताली डोंगर व रान, मध्ये शांत जलाशय, आणि पाळीखाली भाताची शेते, असा तेथील देखावा आहे. सभोवतीचे रान 1975 साली राष्ट्रीय उद्यान म्हणून राखण्यात आले, व 2013 पासून ते नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पात मोडते. थंडीच्या दिवसांत येथे पाखरांची दाटी असते, म्हणून जाण्यास तोच काळ उत्तम.

1. तळे कोणी केले?

प्रथम पाहणारास वाटते की, हे तळे सृष्टीच्या आरंभापासून असेच असावे. परंतु ते मनुष्यांच्या हातांनी झालेले आहे. कोलू पाटील कोहळी नावाच्या गृहस्थाने ते बांधविले, असे त्या भागातील लोक सांगत आले आहेत. भंडारा, गोंदिया व चंद्रपूर या प्रदेशात कोहळी लोक तळी बांधण्यात फार कुशल होते. डोंगरांमधून पाणी कोठून उतरते, कोठे अडविले असता थोड्या मातीत पुष्कळ पाणी राहील, हे ते नजरेने ओळखीत. गोंड राजांच्या काळी, जो तळे बांधील त्याला त्या तळ्याखाली भिजणारी जमीन मिळत असे, असेही सांगतात. अशा रीतीने या प्रदेशात लहानमोठी हजारो तळी झाली, आणि त्यांच्या पाण्यावर भात व ऊस पिकू लागला.

पुढे इंग्रजी अमलात ही तळी मालगुजारांच्या मालकीची ठरली. 1950 च्या कायद्याने मालगुजारी उठली व तळी सरकारकडे आली. म्हणून लोक त्यांना आजही माजी मालगुजारी तलाव, किंवा थोडक्यात ‘मामा तलाव’ म्हणतात. नाव गमतीचे आहे, पण त्यामागची गोष्ट विचार करण्याजोगी आहे. पूर्वी पाळ खचली तर कोणी दुरुस्त करावी हे सर्वांस ठाऊक असे. मालकी पालटल्यावर ‘हे काम माझे नव्हे’ असे म्हणणारे पुष्कळ झाले, आणि अनेक तळी गाळाने भरत गेली.

2. तळे कसे टिकते?

तळ्याची मुख्य अंगे तीन: पाळ, सांडवा व मोरी. पाळ मातीची असते व पाणी अडविते. मोरीतून शेतांस पाणी सोडतात. सांडवा पाळीपेक्षा खाली ठेवलेला असतो, यासाठी की अतिवृष्टी झाली असता जास्तीचे पाणी त्यावरून निघून जावे. मातीच्या पाळीवरून पाणी वाहू लागले तर ती थोड्याच वेळात वाहून जाते. म्हणून अधिक पाण्याच्या लोभाने जो सांडव्यावर दगड रचून तो उंच करितो, तो सर्व गावाचा घात करितो. तसेच घुशीचे किंवा खेकड्याचे बीळ मुठीएवढे असले, तरी त्यातून पाझरणारे पाणी आपली वाट रुंद करीत जाते. मोठी पाळ फुटते ती बहुधा अशा लहान भोकापासूनच.

मोरीचे पाणी केव्हा कामी येते? भात निसवण्याच्या सुमारास पावसाने दडी मारली, तर त्या वेळी दिलेले एक पाणीच पीक वाचविते. शिवाय तळ्याचे पाणी हळूहळू जमिनीत मुरते व खालच्या विहिरींस पोहोचते. डोंगरावर झाडे असली म्हणजे माती धरून राहते. झाडे तुटली म्हणजे तीच माती पावसाबरोबर वाहून तळ्यात येते. यावरून रान व तळे यांचा संबंध ध्यानात यावा.

3. तळ्यावर कोण जगते?

शेतकऱ्याबरोबर ढिवर बंधूंची उपजीविकाही अशा तळ्यांवर चालते. मरळीसारखे देशी मासे पाणवनस्पतींच्या आडोशाला वाढतात. त्या वनस्पती पाखरांचेही अन्न व घर होत. जेथे बेशरम नावाच्या झुडपाने काठ व्यापले, किंवा गवत खाणारी परदेशी मासळी सोडल्याने पाणवनस्पती नाहीशा झाल्या, तेथे देशी मासे व पाखरे दोन्ही उणी होतात.

पाखरांत कमळपक्षी अवश्य पाहावा. त्याची बोटे इतकी लांब असतात की, देहाचा भार पसरून तो कमळाच्या पानावरून चालतो. त्याची अंडी मादी उबवीत नाही. ते काम नराचे आहे. पाणकावळा बुडी मारून आला म्हणजे पंख पसरून उन्हात बसतो, कारण त्याची पिसे भिजतात. पिसे भिजल्यानेच त्याला पाण्याखाली जाणे सोपे होते. थंडीत पट्टकादंब नावाचे हंस हिमालय ओलांडून या देशातील तळ्यांवर उतरतात. आपण बैलगाडीने किंवा मोटारीने आलो म्हणून थकतो. हे पाहुणे तर आपल्या पंखांनी आलेले असतात. त्यांना दगड मारून उठविणे हे आदरातिथ्य नव्हे.

4. दिवस कसा घालवावा?

पहाटे निघावे. पोहोचल्यावर प्रत्येक मित्राने एकेक काम घ्यावे: एकाने पाखरे पाहावी, एकाने पाळ व सांडवा, एकाने काठची झाडे, आणि ज्याला बोलण्याची आवड आहे त्याने जाळे दुरुस्त करीत बसलेल्या एखाद्या वृद्ध ढिवरापाशी नम्रपणे बसून ऐकावे. त्याला ‘बाबा’ म्हणून हाक मारावी, आणि तो अशिक्षित असेल म्हणून आपणच त्याला शिकवू लागू नये. दुपारी जेवताना प्रत्येकाने आपण पाहिलेले इतरांस सांगावे. अशा रीतीने चार मित्रांचे आठ डोळे प्रत्येकाच्या उपयोगी पडतात. जेवणानंतर थोडा वेळ सर्वांनी मुकाट्याने बसावे. ज्यांच्याबरोबर निःशब्द बसता येते, तेच खरे मित्र.

आता एक सावधगिरीची गोष्ट, ती शिक्षकांनी व वडील मंडळींनी विशेषेकरून ध्यानात घ्यावी. बांधलेल्या तळ्यात सर्वांत अधिक खोली बहुधा पाळीपाशीच असते, आणि तेथूनच उडी मारण्याचा मोह तरुणांस होतो. उथळ दिसणाऱ्या भागातही माती किंवा गाळ काढलेले खड्डे पाण्याखाली असतात. चिखलात पाय रुततात व वेली पायांस गुंततात. ज्याला नदीत पोहता येते तोही अशा ठिकाणी बुडतो. यास्तव अनोळखी तळ्यात उतरू नये, आणि कोणी भिडस्त मित्र कचरत असेल तर त्याला भित्रा म्हणून चिडवू नये. अशा एका शब्दाने घरचा दिवा विझतो. कोणी बुडू लागलाच, तर त्याच्यामागे एकदम उडी टाकू नये, कारण बुडणारा मनुष्य वाचविणाऱ्यास कवटाळतो. काठी, दोर किंवा धोतर त्याच्याकडे फेकावे. रिकामी घागर किंवा झाकण लावलेला डबाही पाण्यावर तरंगून आधार देतो. मोठ्याने हाक मारून ढिवरांस डोंग्यासह बोलवावे.

निघण्यापूर्वी चूल विझवून राखेवर पाणी ओतावे, आणि आणलेले कागद, पिशव्या व बाटल्या परत न्याव्या. ज्यांनी डोक्यावर माती वाहून ही पाळ घातली, त्यांतील बहुतेकांची नावे आपणांस ठाऊक नाहीत. त्यांनी लावलेल्या सावलीत आपण एक दिवस बसतो. त्यांचे ऋण फेडण्याची संधी मात्र आपापल्या गावीच आहे: तेथील तळ्याची पाळ पाहावी, बीळ दिसल्यास बुजवावे, आणि गाळ काढण्याचे काम निघाले की पहिली टोपली आपण उचलावी.

वर्गात विचारण्याचे प्रश्न

1. सांडवा पाळीपेक्षा खाली का ठेवितात?
2. डोंगरावरील झाडे तोडल्याने तळ्याचे काय नुकसान होते?
3. तळे सर्वांचे झाले म्हणजे त्याची काळजी कोणी घ्यावी?
4. तुमच्या गावचे तळे किंवा विहीर कोणी बांधली? वृद्ध माणसांस विचारून या.