डॉक्टरांना कळवण्याआधी

बाळंत होऊन दोन तास झालेली बाई. नाडी ११२, रक्तदाब ११०/७०, ताप ९९.४. पंधरा मिनिटांत अख्खा पॅड भिजलाय. पोटाला हात लावला तर गर्भाशय मऊ लागतं, बेंबीच्या वर दोन बोटं आणि उजवीकडे सरकलेलं. बाळंतपणानंतर तिला लघवी झालेली नाही. अंगात थोडी थंडी भरली आहे आणि ती पाणी मागते आहे. नर्सने सर्वांत आधी काय करायचं?

नर्सिंगच्या शेवटच्या वर्षातल्या मुलामुलींना हे विचारलं, की बरेचजण पटकन सांगतात, ‘डॉक्टरांना कळवायचं.’ अमेरिकेतल्या नर्सिंग परवान्याच्या परीक्षेत, म्हणजे एनसीलेक्समध्ये, हे उत्तर इथे चुकीचं धरलं जाईल. आधी गर्भाशयाला मसाज द्यायचा, रुग्णाजवळून हलायचं नाही, हात तिथेच ठेवून मदतीला हाक मारायची. मग मूत्राशय रिकामं करायचं, कारण उजवीकडे सरकलेलं गर्भाशय सांगतंय की भरलेलं मूत्राशय त्याला आकसू देत नाही. रक्तदाब ठीक दिसतो म्हणून निर्धास्त राहायचं नाही. तरुण बाळंतिणीचा रक्तदाब बराच रक्तस्राव होईपर्यंत टिकून राहतो, नाडी मात्र आधीच वाढते. थंडी आणि किंचित ताप पहिल्या दिवशी बहुधा नेहमीचेच. प्रश्नात ते मुद्दाम घातलेले असतात, तुमची नजर कुठे जाते ते पाहायला.

एप्रिल २०२३ पासून ही परीक्षा नव्या रूपात घेतली जाते आणि तिचा सगळा भर अशा विचारावर आहे. खुणा टिपायच्या, त्यांचा अर्थ लावायचा, सर्वांत धोक्याचं काय ते ठरवायचं, उपाय योजायचे, कृती करायची आणि गुण आला का ते तपासायचं, अशा सहा पायऱ्या त्यामागे आहेत. प्रत्येक उमेदवाराला तीन केस स्टडी येतात. प्रत्येकीत सहा प्रश्न, आणि रुग्णाची अवस्था प्रश्नागणिक पुढे सरकते. काही प्रश्नांत अर्धवट बरोबर उत्तरालाही गुण मिळतात, पण ‘लागू पडतील ते सगळे निवडा’ म्हटलं म्हणून दिसेल त्यावर टिक केलीत तर चुकीच्या निवडीचे गुण कापले जातात.

आपली मुलं इथे का अडखळतात? अभ्यास कमी पडतो म्हणून नाही. आपल्याकडे वॉर्डात एका सिस्टरवर इतके रुग्ण असतात की विद्यार्थ्यांच्या वाट्याला कामं येतात, रुग्ण येत नाहीत. एकीने सगळ्यांचं टीपीआर (ताप, नाडी, श्वास) घ्यायचं, दुसरीने सगळ्यांच्या सलाइन बघायच्या. चार्ट भरला जातो, पण सकाळी ८८ असलेली नाडी दुपारी ११२ का झाली, हे विचारायला उसंत नसते. निर्णय डॉक्टरांचा, आपण सांगितलं तेवढं करायचं, ही सवय तीन-चार वर्षांत अंगवळणी पडते. याचा दोष मी विद्यार्थ्यांना देणार नाही.

दुसरी अडचण कामवाटपाच्या प्रश्नांची. आपल्याकडे अंघोळ घालणं, भरवणं, कूस बदलणं नातेवाईक करतात, नाहीतर मावशी. तिकडे हे काम मदतनिसाला सोपवणं ही रजिस्टर्ड नर्सची जबाबदारी असते आणि कोणाला काय द्यायचं यावर हमखास प्रश्न येतात. नव्या रुग्णाची तपासणी, आरोग्यशिक्षण आणि परिणामांचं मूल्यमापन तिने स्वतःकडेच ठेवायचं. स्थिर रुग्णाची लघवी मोजणं मदतनिसाला देता येतं, पण ती कमी का झाली हे ठरवणं देता येत नाही. हा भाग वॉर्डात दिसत नाही, म्हणून वेगळा बसून शिकावा लागतो. औषधांचंही तसंच. आपलं पॅरासिटामॉल तिथे ॲसिटामिनोफेन आहे आणि सॅल्ब्युटामॉल अल्ब्युटेरॉल.

सरावासाठी माझा आग्रह एकच. ड्यूटीवर असाल त्या दिवशी हँडओव्हर झाल्यावर एकच रुग्ण मनाशी निवडा. खिशातल्या वहीत लिहा: कालपासून काय बदललं, त्यातलं सर्वांत वाईट काय असू शकतं, डॉक्टर यायला दहा मिनिटं लागणार असतील तर माझे हात काय करतील. ड्यूटी संपताना पुन्हा त्या खाटेशी जा आणि काय झालं ते लिहा. हा शेवटचा भाग सगळे गाळतात, आणि अंदाज कुठे चुकला हे कळतं ते तिथेच. प्रश्नसंच सोडवा, जरूर सोडवा, पण रोज शंभर उरकण्यापेक्षा पंचवीस घ्या आणि न निवडलेले पर्याय का चुकीचे होते ते स्वतःच्या शब्दांत सांगा. मैत्रीण समोर असेल तर तिला मोठ्याने सांगा.

आता पालकांशी थोडं. या परीक्षेत टक्के नसतात, फक्त पास किंवा नापास. संगणक उत्तरं पाहून पुढचा प्रश्न निवडतो, बरोबर आलं की अवघड देतो. त्यामुळे चांगली तयारी असलेल्या मुलालाही निम्मे प्रश्न चुकल्यासारखं वाटतं. पेपर ८५ प्रश्नांवर थांबू शकतो किंवा १५० पर्यंत जाऊ शकतो, आणि लवकर थांबला यावरून निकाल कळत नाही. तेव्हा केंद्राबाहेर ‘कसा गेला?’ विचारू नका, जेवायला घेऊन जा.

पैशांचा हिशेब मात्र आधी मांडा. परीक्षेची नोंदणी २०० डॉलर, भारतातल्या केंद्रावर दिली तर आणखी १५० डॉलर आणि कर. त्याआधी कागदपत्रांची पडताळणी आणि तिथल्या राज्याच्या नर्सिंग बोर्डाचा अर्ज, त्यांचा खर्च वेगळा. नापास झाल्यास किमान ४५ दिवस थांबून पुन्हा बसता येतं. ‘पास होण्याची हमी’ देणाऱ्या क्लासला पैसे भरू नका, अशी हमी देणं कोणाच्याच हातात नाही. पास होणं आणि व्हिसा मिळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. भारतीयांसाठी ती रांग वर्षानुवर्षांची आहे. त्या काळात मुलीला इथल्या चांगल्या रुग्णालयात, शक्यतो आयसीयूमध्ये किंवा प्रसूती विभागात काम करू द्या. ‘नुसतं बसून अभ्यास कर’ म्हणून तिची नोकरी सोडायला लावू नका.