लहान, ‘पण’...

जपानीत एक म्हण आहे : ‘सान्शो वा कोत्सुबु देमो पिरिरितो कराइ’. म्हणजे सान्शोचा दाणा लहान, पण झणझणीत. हा सान्शो कोकणातल्या तिरफळाचा भाऊबंद. आपल्याकडे ‘मूर्ती लहान पण कीर्ती महान’ आहेच, तेव्हा अर्थ लगेच कळतो. मला अडतो तो ‘पण’. जपानीतही ‘देमो’ म्हणजे तेच. लहान असणं हा जणू दोष, आणि पुढे त्याची भरपाई! ‘थेंबे थेंबे तळे साचे’ तर थेंबाला मान देते तो तळं झाल्यावरच. शुभवर्तमानातला मोहरीचा दाणाही शेवटी झाड होतो.

आता आपली बिदरी घ्या. 2011 मध्ये दिल्लीच्या प्रजासत्ताक दिनी कर्नाटकाचा चित्ररथ तिचाच होता. जस्तात थोडं तांबं घालून भांडं ओततात, त्यावर नक्षी कोरून चांदीची तार ठोकून बसवतात. पण जस्तही पांढुरकं, चांदीही पांढरी. नक्षी उठतच नाही. मग बिदरच्या किल्ल्यातली, ऊन-पाऊस न लागलेली थोडी माती नवसागर आणि पाण्यात कालवून गरम भांड्यावर चोळतात. जस्त काळंभोर होतं, चांदी तशीच राहते. माती धुऊन टाकतात. तिचा डोंगर होत नाही, ती भांड्यातही उरत नाही. इथे ‘पण’ कुठे घालणार?

भालकी-औरादकडच्या मराठीबद्दल बोलताना आपण आधी डोकी मोजतो. मंडळाच्या बैठकीला सात जण आलो की लगेच, ‘सातच?’ बिदरीचे कारागीर मात्र माती जिभेवर ठेवून पारखतात.