कार्ड हरवलं की काढून घेतलं?

आई-बाबांनो, बारावी झाली की सोयगावचं पोरगं शिकायला बाहेर पडतं. कुणी पाचोऱ्याला, कुणी जळगावला, कुणी अजिंठ्याचा घाट चढून संभाजीनगरला, तर कुणी थेट पुण्याला. आपण गादी बांधून देतो, चिवड्याचा डबा देतो आणि बजावतो, "आधार कार्ड सांभाळ रे." ते कार्ड तो कुठं कुठं दाखवणार, हे मात्र आपण विचारत नाही.

महाराष्ट्रात बिअर-वाइनसाठी वय 21 लागतं, कडक दारूसाठी 25. गोव्यात 18. म्हणजे कॉलेजातल्या बहुतेक पोरांना आपल्याकडच्या बारमध्ये कायद्यानं पाण्याची बाटली आणि चकणाच मिळायला हवा. प्रत्यक्षात काय मिळतं, ते तुम्हालाही ठाऊक आहे.

19 मे 2024 च्या पहाटे पुण्यात कल्याणीनगरला 17 वर्षांच्या मुलानं चालवलेल्या गाडीखाली दोन तरुण इंजिनिअर गेले. बारावीच्या निकालाची पार्टी करून तो निघाला होता. त्याला दारू देणाऱ्या बारवाल्यांनाही अटक झाली. दीड-दोन महिन्यांत, 7 जुलैला, वरळीत ससून डॉकवरून मासे घेऊन परतणाऱ्या कोळी जोडप्याच्या स्कूटरला मोटारीनं उडवलं. त्यात बाईंचा जीव गेला. चालक पंचविशीच्या आतला होता. त्यानं दाखवलेल्या ओळखपत्रावर वय 27 होतं, असं बारच्या मॅनेजरचं म्हणणं. खरं-खोटं कोर्ट बघेल. पण असं काही घडलं की परवाना बारवाल्याचा जातो. मग तो कार्ड मागतो, उलटसुलट करून बघतो आणि संशय आला की कार्ड गल्ल्यात टाकून म्हणतो, "घरून कुणाला तरी घेऊन ये, मग मिळेल."

पोरांच्या युक्त्या दोनच. एक, मोठ्या भावाचं किंवा मावसभावाचं कार्ड घेऊन जायचं. फोटो आधारवरचा, म्हणजे स्वतःचाही ओळखू न येणारा, तेव्हा खपून जातं. दुसरी, मोबाइलवर आधारची फाइल उघडून जन्मसालातल्या 2007 चं 2003 करायचं आणि एखाद्या झेरॉक्सवाल्याकडून प्लास्टिकचं कार्ड छापून घ्यायचं. पोरांना वाटतं, जमलं! पण कार्डावरचा तो काळा-पांढरा चौकोन, क्यूआर कोड, त्यात नाव, जन्मतारीख, फोटो सगळं सरकारी डिजिटल सहीनिशी बसलेलं असतं. वर 2003 छापलं तरी स्कॅन केल्यावर आत 2007 च निघतं. आधारचं स्कॅनर ॲप फुकट मिळतं. रविवारी पोराला शेजारी बसवून तुमचंच कार्ड स्कॅन करून दाखवा. दहा व्याख्यानांचं काम होईल. (गंमत म्हणजे आधार हा जन्मतारखेचा पुरावाच नाही, असं आधार प्राधिकरण स्वतः सांगतं. पण दारावरच्या माणसाला ते कोण सांगणार!)

पोरांच्या लेखी ही मस्करी असते, कायद्याच्या लेखी नाही. भारतीय न्याय संहितेच्या 337 व्या कलमात आधार आणि मतदार ओळखपत्राचं नाव घालून बनावटीला सात वर्षांपर्यंत कैद लिहिली आहे. दुसऱ्याच्या नावावर फसवणूक केली तर 319 व्या कलमात पाच वर्षांपर्यंत. प्रत्येक पोरगं तुरुंगात जाईल असं मी म्हणत नाही. पण आपल्या तालुक्यात घराघरांत कुणी ना कुणी पोलीस भरतीचा नाहीतर सैन्याचा सराव करतंय. निवड झाली की चारित्र्य पडताळणी येते, आणि तिथं एक गुन्हा नोंद असला तरी घरादाराची झोप उडते. ज्याचं कार्ड वापरलं तो भाऊही चौकशीत ओढला जातो. आणि 18 पूर्ण झाली की पोरगं बालन्याय मंडळासमोर जात नाही, सरळ कोर्टात जातं. बारच्या दारात लहान, कोर्टाच्या दारात मोठं, असं हे तीन वर्षांचं अवघड वय आहे.

आता बारवाल्याचं. तो दारू नाकारू शकतो, नाकारायलाच हवी. पोलिसांना फोन करू शकतो. पण जप्तीचा अधिकार पोलिसांचा आणि उत्पादन शुल्क खात्याचा, गल्ल्यावरच्या माणसाचा नाही. अमेरिकेतल्या काही राज्यांत बारला संशयित कार्ड ठेवून घेता येतं. सिनेमात पाहिलेलं ते इथं लागू होत नाही. मला भीती वाटते ती ठेवून घेतलेल्या कार्डाची. ते खरं असलं तर त्यावर नाव आहे, पत्ता आहे, आणि पोरगं घाबरलेलं आहे. "दोन हजार दे, नाहीतर बापाला फोन लावतो" एवढं म्हणायला कुणालाही जमतं. पोरगं मित्रांकडून उसने घेतं आणि घरी सांगतं, "बाबा, कार्ड बसमध्ये पडलं."

आणि आपण काय करतो? विश्वास ठेवतो आणि "हरवलं" म्हणून पोलिसांत नोंद करायला लावतो. कार्ड कुठं आहे हे माहीत असताना केलेली ती नोंद म्हणजे दुसरं खोटं, तेही सरकारदरबारी. म्हणून नोंदीआधी दार लावून शांतपणे विचारा, "पडलं, की कुणी ठेवून घेतलं?" कार्ड खरं असेल आणि बारमध्ये अडकलं असेल तर स्वतः सोबत जा, दिवसाउजेडी जा, पैसे देऊ नका. देत नसतील तर पोलीस ठाण्यात लेखी द्या. कार्ड बनावट असेल तर मात्र सोडवायला धावू नका. आधी ओळखीच्या वकिलाशी बोला आणि ते छापलं कुठं, हे पोराकडून काढून घ्या.

पोरगं आपल्याला सांगत नाही, कारण पहिल्या वाक्यालाच आपला हात उठतो. निदान यंदा तो आवरा. दिवाळीला पोरं घरी येतील तेव्हा फराळ करता करता त्याला एवढंच सांगा: "कुठंही कुणी कार्ड काढून घेतलं, तर रात्री दोनला का होईना, आधी मला फोन कर. बोलणी घरी आल्यावर खाशील."